मुक्काम पोस्ट वाळवंट

डेल्विनच्या बुटात हल्ली फार खडे जायला लागले होते, आणि आर्लिसचा त्या खड्यांवर काडीचा विश्वास नव्हता.

पाण्याच्या नळापासून त्यांच्या मोटरहोमपर्यंतची वाट चढाची होती, पण तिला चढ म्हटलं तर खऱ्या चढाचा अपमान व्हावा इतपतच. डेल्विन दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन निघायचा. अर्ध्या वाटेवर कॅन खाली ठेवायचा, कुणाच्या तरी ट्रेलरला हात टेकायचा, बूट काढायचा, उलटा करून झटकायचा. बुटातून काहीही पडायचं नाही. मग तो बूट पुन्हा पायात चढवायचा, अगदी सावकाश, बूट घालणं ही एक कला असल्यासारखा, आणि डोंगरांकडे बघत उभा राहायचा. डेल्विनने सबंध आयुष्यात कधी डोंगरांकडे बघितलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून आर्लिस हे बघायची, आणि तो दाराशी आला की भांडी विसळत असल्याचं नाटक करायची.

एकदा तिने विचारलंच. तो म्हणाला, "ॲरिझोना आहे हे. इथे खडेच असतात."

फेब्रुवारीत डेल्विनला पासष्ट पूर्ण होणार होती. ज्या महिन्यात पासष्टावा वाढदिवस, त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणाचा सरकारी विमा लागू होतो; फक्त त्याआधी नाव नोंदवलेलं असावं लागतं. आता जानेवारी चालू होता. आणि तोपर्यंत डेल्विनच्या अंगावर त्याच्या चौकड्याच्या शर्टाखेरीज कुठलंही संरक्षण नव्हतं.

हे असं कसं झालं, याचं उत्तर आर्लिसला कुणापुढे द्यायची लाज वाटायची. ती टोस्टर घेतानाही जादा हमीचे पैसे भरणारी बाई. मुलं लहान असताना शाळेच्या सहलीला पाठवायची तर दप्तरात दोन रेनकोट, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून. शाळेच्या ग्रंथालयात तिने तीस वर्षं नोकरी केली, आणि आग लागली तर आधी कोणती मुलं कोणत्या खिडकीतून काढायची याचा आराखडा तिच्या डोक्यात कायम तयार असे. आग कधी लागली नाही याचं श्रेय ती मनातल्या मनात स्वतःला देई. पण डेल्विन निवृत्त झाला, कारखान्याचा विमा बंद झाला, आणि नव्या विम्याचा हप्ता बघून दोघं स्वयंपाकघरात हिशेब करत बसली, तेव्हा तो म्हणाला, तुझ्या थायरॉइडसाठी तुझा घेऊ. माझं काय, मला कधी काही झालंय का? आणि या बाईने मान डोलावली. दोनच वर्षांचा तर प्रश्न, असं वर स्वतःच म्हणाली.

त्याला कधी काही झालं नव्हतं हे खरंच होतं. रेड नदीच्या खोऱ्यात, जिथे जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट आहे, तिथे बिटापासून साखर करणाऱ्या कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याने उभं आयुष्य काढलं. शेतकऱ्यांचे बीट भरलेले ट्रक काट्यावर चढायचे, उतरायचे. काटा बिघडला की डेल्विन खाली खड्ड्यात उतरायचा, बर्फ असो वा चिखल. त्याच्या काट्याबद्दल कधी भांडण झालं नाही. स्वतः डेल्विनही काट्यासारखाच. जेवढं असेल तेवढंच सांगायचा, वर एक औंस नाही. लग्नाला होकार देताना आर्लिसने विचारलं होतं, प्रेम आहे ना? तो म्हणाला होता, "आहे." त्यावर गेली चाळीस वर्षं कुठलीही सुधारित आवृत्ती आलेली नव्हती. म्हणूनच हे बुटातले खडे तिला झोपू देत नव्हते. या माणसाला खोटं बोलता येत नाही. तो बोलायला लागला आहे, म्हणजे कारण मोठंच असणार.

मुलं मोठी होऊन पांगली होती. रॉल्फ अलास्कात मासेमारीच्या बोटीवर, जिथे फोन लागत नाही. मारिट डलूथमध्ये, जिथे फोन लागतो पण मारिट उचलत नाही. उचलला की म्हणायची, "आई, बाबांना जरा श्वास घेऊ दे." आर्लिसला नेमकं तेच हवं होतं, बाबांनी श्वास घ्यावा, पण हे मुलीला सांगायचं तर मुलगी काळजी करेल, आणि घरात काळजी करायचा मक्ता फक्त आर्लिसचा होता. काळजीचा कारखाना जुनाच, मालाचा उठाव तेवढाच, गिऱ्हाईक मात्र आता एकच उरलेलं.

घर विकून ही दोघं मोटरहोममध्ये राहायला आल्याला तिसरं वर्ष होतं. उन्हाळा उत्तरेत, हिवाळा क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात, जिथे त्यांच्यासारखी हजारो पांढऱ्या केसांची माणसं आपापली चाकांवरची घरं घेऊन उतरतात. घर नाही म्हणजे पत्ता नाही, आणि पत्ता नाही तर ना लायसन्स, ना मत, ना पत्र. त्यावरचा तोडगा त्यांच्यातल्या सगळ्यांचाच एक: साउथ डकोटात एका टपाल सांभाळणाऱ्या दुकानात पेटी भाड्याने घ्यायची, तिथल्या कॅम्पात एक रात्र झोपायचं, पावती दाखवायची, की तुम्ही त्या राज्याचे कायमचे रहिवासी. टोलेफसन दांपत्य कायद्याने जिथे राहत होतं तिथे ते एकदाच राहिलं होतं, आणि डेल्विनच्या आठवणीत तिथलं एवढंच उरलं होतं की सकाळी धिरडी चांगली मिळाली.

दुकानातली मुलगी आलेल्या प्रत्येक पाकिटाचा फोटो काढून पाठवायची. आर्लिसने फोनवर तो बघायचा आणि खाली खूण करायची: पाठवा, किंवा फाडा. हे काम आर्लिसच्या हातात असणं म्हणजे भित्र्या माणसाच्या हाती बंदूक देण्यासारखं होतं, पण तेव्हा ते तिच्या लक्षात आलं नाही. उलट तिला तो आपला अधिकार वाटायचा.

कारण माणूस पासष्टीजवळ आला की या देशातला प्रत्येक विमावाला त्याला पत्र लिहितो. ऑगस्टपासून पूर आला. जाड पाकिटं, लाल शिक्के, 'ताबडतोब उघडा', 'अंतिम सूचना'; आणि प्रत्येकावर, पत्र सरकारी भासावं म्हणून, गरुड. पंख पसरलेला गरुड, बाजूला बघणारा गरुड, पायात बाण धरलेला गरुड. आर्लिसने सुरुवातीला एकेक मागवून वाचलं, आणि पोस्टाच्या खर्चात एक नवा टोस्टर आला असता. मग ती शिकली. तिने स्वतःचा नियम बनवला: जितका मोठा गरुड तितका लबाड विमावाला. फाडा. फाडा. फाडा. संध्याकाळी चारला कॅम्पातली सगळी आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन गोल करून बसत, आणि तिथे तिने हा नियम सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलाही.

त्या खुर्च्यांच्या गोलात दुसरा विषयच नसे. गुडघे, सौर पॅनेल, आणि मेडिकेअर. कुणाचं पासष्टावं लागलं की तो आपलं लाल-पांढरं-निळं कार्ड आणायचा आणि ते हातोहात गोलभर फिरायचं. प्रत्येक जण लांब धरून बघायचा, नवजात बाळ बघावं तसं, आणि काहीतरी कौतुकाचं बोलायचा. कार्ड फिरवल्याशिवाय माणूस पक्का धरत नसत. या सोहळ्याची पुरोहित ट्रूडी, ओरेगॉनची अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा. एकटी गाडी चालवत येते, आणि गाडी लावताना कुणी मागून हातवारे करून मदत करायला आलं तर त्याच्या अंगावर घालते.

"काय गं, तुझ्या कच्च्या लिंबाचं कार्ड कुठवर आलं?" ट्रूडीने एका संध्याकाळी विचारलं.

आर्लिसने ऐटीत सांगितलं की डिसेंबरातच गावातल्या ग्रंथालयाच्या संगणकावर बसून तिने त्याचा अर्ज भरला आहे, सगळं नीट झालं आहे, कार्ड येईलच.

"मग डिसेंबरात अर्ज भरून महिना होऊन गेला तरी आलं नाही, असं म्हण," ट्रूडी म्हणाली. "माझं तर पंधरा दिवसांत आलं होतं. तेही मी लायबेलाच्या पत्त्यावर मागवलं होतं, आणि लायबेला माझ्याशी बोलत नव्हती."

लायबेला म्हणजे ट्रूडीची बहीण. पण आर्लिसचं लक्ष बहिणीकडे नव्हतं. तिच्या हातातल्या कपातली वाइन तिला एकदम कोमट लागली. डेल्विन शेजारी बसून कुणाच्यातरी पाण्याच्या पंपाचं रबर चाकूने साफ करत होता, आणि आपलं कार्ड हा विषय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा शांत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकाडावर गेली. कॅम्पात फोनला आवाज नीट यायचा तो फक्त त्या टेकाडावरच्या एका दगडाजवळ, आणि तिथे नेहमी दोन-तीन माणसं आपापल्या नातवंडांशी ओरडून बोलत असायची. बराच वेळ सरकारी संगीत ऐकल्यावर पलीकडे एक बाई आली, आवाज गोड, शांत. आर्लिसने एका दमात सगळं सांगितलं. बाईने विचारलं, "मी मिस्टर टोलेफसन यांच्याशी बोलते आहे का?"

"मी त्यांची बायको आहे."

"मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल, मॅडम."

आर्लिसने क्षणभर विचार केला की फोन ठेवून पुन्हा लावावा आणि आवाज जाड करावा. मागच्याच आठवड्यात तिचा घसा बसला होता आणि ट्रूडीने तिला दाराबाहेरून 'डेल्विन' म्हणून हाक मारली होती. पण सरकारची फसवणूक म्हणजे तुरुंग, आणि तुरुंगात गेल्यावर डेल्विनकडे कोण बघणार? या काळजीने ती प्रामाणिक राहिली. ती खाली आली आणि त्याला टेकाडावर घेऊन निघाली.

ती चूक झाली हे तिला अर्ध्यावर कळलं. टेकाडाचा चढ खरा होता. डेल्विनच्या बुटात पहिल्या वळणावर खडा गेला, दुसऱ्या वळणावर गेला, आणि तिसऱ्या वेळी त्याने बूट काढायचाही त्रास घेतला नाही. नुसताच उभा राहिला, मूठ छातीच्या मधोमध टेकवून, विसरलेलं काहीतरी आठवत असल्यासारखा.

"खाली जाऊ या," आर्लिस म्हणाली. "मी आवाज जाड करते."

"काय करतेस?"

"काही नाही. बस इथे."

तो बसला नाही. वर गेला. फोनवर त्याने आपलं नाव, जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव सांगितलं, प्रत्येक गोष्ट जेवढी विचारली तेवढीच. बाईने मोठ्या आवाजात, कारण आर्लिसने फोन सर्वांना ऐकू येईल असा केला होता, समजावून सांगितलं की त्याच्या जुन्या नोंदीत जन्माचा पुरावाच नाही. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला त्याला पत्र पाठवलं होतं, अस्सल दाखला आणून दाखवा म्हणून. उत्तर आलं नाही, म्हणून अर्ज तसाच थांबून आहे.

"कसलं पत्र?" डेल्विनने विचारलं, आणि वळून बायकोकडे बघितलं.

आर्लिसला आठवलं. अगदी पाकिटाच्या कोपऱ्यासकट आठवलं. साधं, पांढरं, पातळ पाकीट. त्यावर ना लाल शिक्का, ना 'ताबडतोब', ना गरुड. ती तेव्हा खुर्चीत बसून हसली होतीसुद्धा: बघा, हे विमावाले किती भिकेला लागलेत, यांना तर गरुडही परवडला नाही. फाडा.

दगडाजवळ नातवाशी बोलणारा एक म्हातारा आपलं बोलणं थांबवून ऐकत होता. तिने फोनवरच्या बाईला सांगितलं की पत्र टपालात गहाळ झालं असावं. डेल्विन म्हणाला, "हिने फाडायला लावलं." काट्यावर आलं तेवढं त्याने सांगितलं. बाई म्हणाली की महिना संपायच्या आत आमच्या कुठल्याही कार्यालयात जाऊन दाखला दाखवला तरी चालेल, संरक्षण पहिल्या तारखेपासून लागू होईल. तुम्हाला सर्वांत जवळचं युमा शहरातलं पडेल.

उतरताना ती त्याच्या पुढे चालली, म्हणजे पडला तर तिच्यावर पडेल. डेल्विनचं वजन दोनशे वीस पौंड. या योजनेचा तिने आणखी विचार केला नाही.

मोटरहोमच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात लग्नाचा दाखला, मुलांच्या लशींची कार्डं, कधीच विकलेल्या तीन मोटारींची कागदपत्रं, रॉल्फचा पहिला दात, आणि डेल्विनचा जन्मदाखला, उठावाच्या शिक्क्यासह, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. जगात कुणीही कधी मागितलं नसतं ते सगळं आर्लिसने जपून ठेवलं होतं. मागणारं एकच पत्र आलं, ते तिने फाडलं.

"निदान दाखला तरी आहे," डेल्विन म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे भाषण होतं. तिला तेवढ्यानेही रडू आलं, आणि ते लपवायला तिने पेटीतला दात पुसायला घेतला.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर तिने सरळ विचारलं, दुखतं का?

छताकडे बघत तो म्हणाला, "दाबल्यासारखं होतं. थांबलं की जातं."

"कधीपासून?"

"थँक्सगिव्हिंगपासून."

म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून. डिसेंबरात, ग्रंथालयात शेजारी बसून ती त्याचा अर्ज भरत होती आणि प्रत्येक रकाना दोनदा तपासत होती, तेव्हाही दाबल्यासारखं होत होतं. डॉक्टरकडे जाऊ या, ती म्हणाली. तो म्हणाला, आता जाऊन काय, आता गेलो तर सगळं आपल्या खिशातून. एकदा त्यांच्या तावडीत सापडलो की एकातून एक काढतील. गावाकडच्या हेन्रिकने असंच केलं, त्याचं शेत गेलं. पहिली तारीख येऊ दे. आणि आर्लिस, शाळेच्या सहलीला दोन रेनकोट देणारी आर्लिस, अंधारात म्हणाली, बरं. फार दिवस तर नाहीत. पाणी मी आणेन.

पुढचे दिवस तिने त्याला अंड्यासारखं सांभाळलं. पाण्याचे कॅन स्वतः ओढले. ट्रूडीने विचारलं, काय गं, नवऱ्याला गादीवर बसवलंस? तर आर्लिसने व्यायामाचं खूळ लागल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळी ते खरं वाटावं म्हणून खुर्च्यांच्या गोलात दोन बैठका मारून दाखवल्या. दुसऱ्या बैठकीतून तिला ट्रूडीनेच वर काढलं.

युमाला ती दोघं मोटरहोममागे बांधून आणलेल्या छोट्या मोटारीने गेली. आर्लिसने गाडी चालवली. रस्ता सरळ, मध्ये काहीही नाही, आणि ती इतक्या जपून चालवत होती की मागून आलेली लष्कराच्या ट्रकांची रांग तिला ओलांडून गेली आणि शेवटच्या शिपायाने हात हलवला. कार्यालयाच्या दाराशी पहारेकऱ्याने डेल्विनचा खिशातला चाकू ठेवून घेतला. चाकू गेल्यावर डेल्विन खुर्चीत असा बसला की जणू आता खरा म्हातारा झाला.

काउंटरवरच्या गृहस्थाचं नाव मिस्टर ओचोआ होतं. त्याने दाखला उजेडाकडे धरून बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, प्रत काढली. मग सहज विचारलं, "राहता कुठे?"

"साउथ डकोटा," आर्लिस म्हणाली.

"नाही," डेल्विन म्हणाला. "तिथे आमची पेटी आहे. आम्ही क्वार्ट्झसाइटच्या पलीकडे राहतो. पाण्याच्या नळाकडून डावीकडे, तिसऱ्या कोरड्या नाल्याजवळ. एक वाकडा निवडुंग आहे."

आर्लिसने डोळे मिटले. पत्ता खोटा ठरला, अर्ज रद्द झाला, दोघांना बेड्या पडल्या, रॉल्फला बोटीवर तार गेली, हे सगळं तिला मिटल्या डोळ्यांपुढे क्रमाने दिसलं. उघडले तेव्हा मिस्टर ओचोआ हसत होता. "माझे आई-वडीलही त्याच नाल्याला असतात," तो म्हणाला. "पत्र पेटीवरच पाठवतो. फक्त या वेळी उघडा." हे तो बहुधा सगळ्यांनाच सांगत असावा, पण आर्लिसला वाटलं, फोनवरच्या बाईने संगणकात काहीतरी लिहून ठेवलंय.

झालं. पहिल्या तारखेपासून लागू. पहारेकऱ्याने चाकू परत दिला. बाहेर युमाचं जानेवारीचं ऊन मऊ पडलं होतं, आणि आर्लिसला इतकं हलकं वाटलं की तिने स्वतःहून सुचवलं, खजुराचा शेक पिऊ या. गावाबाहेर खजुराच्या बागेला लागून एक टपरी होती, बाहेर लाकडी बाकं. तिने दोन मोठे घेतले. वर्षभरात एकदा घ्यायचा तो शेक. थायरॉइडला चालतो की नाही हे तिने मुद्दाम विचारात घेतलं नाही. तिला बोलावंसं वाटत होतं. पहिल्या तारखेला सकाळीच फोन करायचा, कुठला डॉक्टर, आधी काय विचारायचं, हे ती बोटांवर मोजत सांगत राहिली. कार्ड आलं की गोलात सगळ्यांत आधी ट्रूडीच्या हातात द्यायचं, असंही ठरवून टाकलं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की ती एकटीच बोलते आहे. हे नवीन नव्हतं. नवीन हे होतं की डेल्विनने शेक अर्धा टाकला होता.

डेल्विनने आयुष्यात ताटात काही टाकलं नव्हतं. मुलांचं उरलेलंही तो संपवायचा. कप त्याच्यासमोर होता, आणि त्याचा डावा हात कपाशेजारी बाकावर पालथा पडला होता, कुणी ठेवून गेल्यासारखा. कपाळावर घामाचे थेंब होते. खजुराच्या झाडांतून गार वारा येत होता आणि आर्लिसने स्वेटर घातला होता.

"चाललो आहोत का आपण कुठे?" ती म्हणाली. म्हणजे तिला विचारायचं होतं की तू चाललायस का, चढ कुठे आहे इथे, तू तर बसला आहेस. बसल्यावर जातं म्हणाला होतास.

"जाईल," तो म्हणाला. ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. "थोडं बसू."

"बसलाच आहेस."

"आर्लिस." त्याने दम घेतला. "थोडेच दिवस राहिलेत. आज दवाखान्यात गेलो तर मोटरहोम जाईल."

तो घाबरला नव्हता. तो हिशेब सांगत होता, आणि हिशेब बरोबर होता. तोच हिशेब तिने अंधारात पडून त्याच्याबरोबर मान्य केला होता. आर्लिसला लख्ख दिसलं की गेले कितीतरी दिवस ती ज्याची काळजी करत होती तो डेल्विन नव्हताच. ती एका तारखेची काळजी करत होती. पाणी भरलं, बैठका मारल्या, आवाज जाड करायची तयारी ठेवली, ऐंशी मैल गाडी चालवली, सगळं त्या तारखेसाठी. आणि त्या वेळात शेजारी बसलेला माणूस करडा पडत गेला. जगातल्या सगळ्या आगींचे आराखडे तिच्या डोक्यात होते, आणि समोर धूर निघताना ती खिडकीच्या कड्या पुसत बसली होती.

"जाऊ दे मोटरहोम," ती म्हणाली. "त्या न्हाणीघरात मला तसंही वळता येत नाही."

"पहिली तारीख..."

"खड्ड्यात गेली पहिली तारीख. गप्प बस आणि हलू नकोस."

डेल्विनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते विचारलं नाही. टपरीतल्या बाईला तिने ॲस्पिरिन आहे का म्हणून हाक मारली. एका हाताने डेल्विनचा पालथा हात धरला. दुसऱ्या हाताने पर्समधून, रुमाल, दाखल्याच्या दोन पिशव्या, जादा चष्मा आणि खोकल्याच्या गोळ्या बाकावर टाकत, फोन शोधून काढला. इथून रुग्णवाहिका बोलवायला टेकाड चढायची गरज नव्हती. तिने अंगठ्याने नऊ दाबला, मग एक, मग एक.